पहिलं आईस क्लायंबिंग, माणशी दहा हजार: कपड्यांचे थर कसे निवडायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्याचे भाऊ-बहीण, दोघांचेही सह्याद्रीत पावसाळी ट्रेक झालेले, जानेवारीत पहिल्यांदाच हिमाचलमधल्या स्पितीत काझाच्या बाजूला पाच दिवसांच्या आईस क्लायंबिंग, म्हणजे गोठलेल्या धबधब्यावर चढायच्या, शिबिराला निघालेत. बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात), हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), हेल्मेट आणि आईस टूल (बर्फात मारून धरायची छोटी कुदळ) आयोजक देणार. कपडे मात्र आपले आपण आणायचे, आणि त्यासाठी माणशी दहा हजार रुपये आहेत. त्यांनी विचारलंय की सगळे पैसे एका भारी डाऊन (बदकांची मऊ लव भरलेल्या) जॅकेटात घालावेत की थोडं थोडं सगळं घ्यावं.

थोडं थोडं सगळं घ्या. एकच भारी जॅकेट घेतलंत तर पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत तुम्ही आतून ओले असाल आणि बाहेरून कुडकुडत असाल. असं का होतं हे कळलं की दुकानात काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

गोठलेल्या धबधब्यावर दिवस सलग जात नाही. आधी सॅक पाठीवर घेऊन बर्फातून चढत बर्फाच्या भिंतीपाशी पोचायचं, यात घाम निघतो. मग आपली पाळी येईपर्यंत उभं राहायचं. दहा-पंधरा मिनिटं जीव लावून चढायचं, खाली यायचं आणि लगेच जोडीदाराला बिले द्यायला, म्हणजे तो सटकला तर अडवायला, दोर धरून पुन्हा अर्धा-पाऊण तास जवळजवळ न हलता उभं राहायचं. म्हणजे शरीर एका तासात भट्टीही होतं आणि बंदही पडतं. या दोन्ही अवस्थांना पुरेल असा एक कपडा कुठेच मिळत नाही.

त्यात घामाचा हिशोब बघा. एक ग्रॅम घाम वाळायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते. चढताना कपड्यांत शंभर ग्रॅम घाम मुरला, म्हणजे जेमतेम अर्धा पेला, तर तो वाळवायला सुमारे २४० किलोज्यूल हवेत. स्वस्थ उभा असलेला माणूस तासाला साधारण ३६० किलोज्यूल उष्णता तयार करतो. म्हणजे तासाभराच्या उबेतला दोन तृतीयांश वाटा नुसता बनियन वाळवण्यात जातो. म्हणून कपडे निवडताना ते किती गरम आहेत यापेक्षा घाम किती कमी येऊ देतात आणि आलेला किती लवकर सोडतात, हे आधी बघायचं.

इथेच आपल्याकडच्या माणसाची पहिली अडचण येते. खान्देश कापसाचा मुलूख, अंगाला सुती कपड्याची सवय. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की सुतासारखं सुख नाही, कारण ते घाम धरून ठेवतं आणि गारवा देतं. स्पितीत नेमकं तेच नको असतं. कोरड्या स्थितीतही कापूस हवेतली ओल वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. पिंजाऱ्याने नुकती पिंजून भरलेली गादी उबदार का लागते? कापसामुळे नाही, त्यात अडकलेल्या हवेमुळे. तीच गादी भिजली की चपटी होते आणि हवा निघून जाते. घामाने भिजलेल्या सुती बनियनचं तेच होतं. म्हणून अंगाला चिकटणारं काहीही सुती नको: बनियन नाही, अंडरवेअर नाही, मोजे नाहीत, ब्रासुद्धा नाही. हे शेवटचं शिबिराच्या याद्यांमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. ताईंनी पॉलिएस्टरच्या दोन साध्या स्पोर्ट्स ब्रा घ्याव्यात, आतून जाड पॅड नसलेल्या. पॅडचा फोम भिजला की दिवसभर वाळत नाही.

अंगालगतचा थर म्हणजे थर्मल. दिवाळीनंतर आग्रा रोडवर थर्मलचे ढीग लागतात, पण त्यातले बरेच सुती किंवा सूत-पॉलिएस्टर मिश्र असतात. हाताला मऊ, जाड, आतून केसाळ लागणारे म्हणून ते घेऊ नका. आतली पट्टी वाचा. शंभर टक्के पॉलिएस्टर, किंवा पॉलिएस्टरमध्ये पाच-दहा टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असेल तर चालेल. पट्टीच नसेल तर कपडा सोडून द्या. जाडी पातळ ते मध्यम. वरचे दोन नग आणि खालचा एक घ्या. वरचे दोन का, तर एक चालताना घालायचा आणि बर्फाच्या भिंतीपाशी पोचल्यावर आडोशाला जाऊन कोरडा दुसरा चढवायचा. दोन मिनिटं थंडी खावी लागते, पण पुढचे पाच तास सुधारतात. तिन्ही मिळून दोन हजारांच्या आत येतात. मेरिनो लोकर वास धरत नाही आणि ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते, पण एका नगातच तुमच्या बजेटचा मोठा घास जाईल. या खेपेला सोडा.

पट्टीवर विश्वास बसत नसेल तर घरी तपासा. कपडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडा तोला, भिजवून घट्ट पिळा, पुन्हा तोला, आणि पंख्याखाली तासभर टांगून परत तोला. चांगला पातळ पॉलिएस्टर तासाभरात जवळजवळ मूळ वजनावर येतो, सुती थर्मल तेव्हाही चांगलाच जड भरतो. आणि हे कपडे धुताना सुगंधी फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालू नका. त्याचा लेप धाग्यावर बसतो आणि घाम ओढून बाहेर काढायचा गुण जातो.

त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे पॉलिएस्टरचं मऊ, लवदार कापड. साध्या, पातळ फ्लीसला पाच-सातशे रुपये पडतात आणि तेवढ्यात काम भागतं. अर्धी चेन असलेली घ्या म्हणजे चढताना गळा उघडता येतो. जाड, गुबगुबीत फ्लीस घेऊ नका, ती घालून कुणीच घाम न येता चढत नाही. विणलेला लोकरीचा स्वेटर चालेल का? हिमाचलमधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या लोकर घालतात, लोकरीत दोष नाही. पण बाजारातला बहुतेक स्वेटर ॲक्रिलिकचा असतो, जड असतो आणि हार्नेसखाली गोळा होतो. घरात खरा लोकरीचा, अंगालगत बसणारा असेल तर फ्लीसचे पैसे वाचवा.

वाऱ्या-पाण्याचा थर तुमच्याकडे आहे. पावसाळी ट्रेकचं श्वास घेणारं रेन जॅकेट इथे चालतं. उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटर वारा सुटला तर कातडीला उणे वीससारखं लागतं, म्हणून हा थर हवाच. मात्र तो पीव्हीसीचा रेनकोट नसावा. गाडीवर वापरतो तो रेनकोट घामाची वाफ बाहेर जाऊ देत नाही, ती आतल्या बाजूला गोठून बसते, आणि कडाक्याच्या थंडीत पीव्हीसी ताठ होऊन घडीवर तडकतं. जॅकेट घालून दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच करा, कारण चढताना हात तसेच असतात. पोट उघडं पडलं किंवा बाही मनगटाच्या वर सरकली, तर हार्नेसमधून जॅकेट प्रत्येक चढाईत सुटून येणार आणि बर्फाचा चुरा आत जाणार. बाहीला वेल्क्रोची पट्टी असावी. वितळतं पाणी हातावरून थेट कोपरापर्यंत ओघळतं आणि ते अडवायला तेवढीच पट्टी असते. जॅकेटची टोपी हेल्मेटवरून येते का तेही बघा.

आता ज्या जॅकेटबद्दल विचारलंत ते. उभं राहताना घालायचं मोठं, फुगीर जॅकेट हवंच, पण तुमच्या मापापेक्षा एक साइज मोठं. ते सगळ्या थरांवरून, रेन जॅकेटवरूनही, झटकन चढलं पाहिजे. मापात बसणारं घेतलंत तर ते आतला फुगवटा दाबून टाकतं आणि दाबलेल्या थरात हवा राहत नाही. भरण सिंथेटिक घ्या. डाऊन वजनाला हलकं आणि कोरड्या थंडीत त्याला तोड नाही, पण स्वस्तातलं डाऊन बहुतेक वेळा लवीऐवजी पिसांचीच भर असलेलं निघतं, आणि धबधब्यावर कुठून पाणी टपकेल सांगता येत नाही. भिजलेलं डाऊन बसतं, सिंथेटिक ओलं झालं तरी काही ऊब टिकवतं. टोपी हवी, खिसे हार्नेसच्या वर असावेत, आणि जमलं तर दोन्हीकडून उघडणारी चेन, म्हणजे खालून उघडून बिलेचं उपकरण हाताळता येतं. तीन ते साडेतीन हजारांत असं जॅकेट मिळतं. संध्याकाळी काझ्यात पारा उणे वीसच्या खाली जाऊ शकतो आणि तेव्हा हे एकटं पुरणार नाही. म्हणून आयोजकांना आत्ताच विचारा की मुक्कामासाठी डाऊन जॅकेट भाड्याने देतात का. चढाईसाठी सिंथेटिक स्वतःचं, रात्रीसाठी डाऊन भाड्याचं, हा दहा हजारांतला सगळ्यात शहाणा हिशोब.

दोघांत एकच मोठं जॅकेट घेऊन पैसे वाचवायचा विचार करू नका. चढून खाली आलेल्याला ते लगेच हवं असतं आणि त्याच क्षणी बिले देणारा ते घालून उभा असतो.

हातमोज्यांवर थोडं जास्त बोलतो, कारण नवशिक्यांचे सगळ्यात जास्त हाल हातांचे होतात आणि सगळ्यात कमी पैसे तिथेच खर्च होतात. चढताना हात हृदयाच्या वर असतात, त्यात भीतीने आईस टूल गच्च आवळलेलं असतं. बोटांतलं रक्त उतरतं, बोटं बधिर होतात. खाली आल्यावर रक्त परत येतं तेव्हा इतकी कळ येते की चांगली धडधाकट माणसं डोळ्यांत पाणी आणतात, काहींना मळमळतं. यात इजा नसते, पाच-दहा मिनिटांत थांबतं. जाड हातमोजा हा त्यावरचा उपाय वाटतो, पण जाड मोज्यात टूल नीट धरता येत नाही, म्हणून माणूस अजून आवळतो आणि रक्त अजून कमी पोचतं. पातळ मोजा, सैल पकड, आणि दर काही हालचालींनंतर एकेक हात खाली सोडून झटकणं, यानेच काम होतं.

माणशी तीन जोड लागतात. दोन जोड चढायचे. लोकरीचे विणलेले घेऊ नका, त्यातून वारा जातो, बर्फ त्याला चिकटतो आणि टूल सटकतं. इथे ट्रेकिंगच्या दुकानापेक्षा औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणारं दुकान कामाचं. एमआयडीसीच्या आसपास ही दुकानं असतात. तिथे कोल्ड स्टोरेजच्या कामगारांसाठीचे, आतून मऊ अस्तर आणि बाहेरून पूर्ण रबरी लेप असलेले हातमोजे मागा. जोडीला दोन-तीनशे रुपये पडतात, पकड उत्तम, पाणी आत येत नाही. दोष एकच, आतला घाम बाहेर जात नाही, म्हणून दोन जोड आळीपाळीने वापरायचे. घेताना मूठ वळून बघा. बोटांच्या टोकाला ताण बसत असेल तर एक नंबर मोठा घ्या. तिसरा जोड उभं राहण्याचा, जाड, आत भरण असलेला आणि तळव्याला चामडं किंवा रबर असलेला. बिले देताना दोर नीट हातात आला पाहिजे, म्हणून बोटं एकत्र असलेला गुबगुबीत मिटन त्या कामाला घालू नका. मिटन नुसतं थांबायच्या वेळी ठीक. न वापरलेला जोड सॅकमध्ये नाही, तर फ्लीसच्या आत पोटाशी ठेवायचा. सॅकमधला मोजा अर्ध्या तासात बर्फाइतका गार होतो.

कळ येणं आणि हिमदंश यातला फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. बोट पांढरं किंवा मेणासारखं दिसतंय, टणक लागतंय आणि ऊब देऊनही संवेदना परत येत नाहीये, तर चोळू नका, बुखारीजवळ (खोली तापवायच्या शेगडीजवळ) धरू नका, ताबडतोब प्रशिक्षकाला सांगा.

पायात जाड लोकरी किंवा लोकर-मिश्र मोज्यांचा एकच जोड. दोन जाड जोड घालून बूट आवळला की रक्त अडतं आणि पाय एका जोडापेक्षा जास्त गार पडतात. आयोजकांकडे बूट घालून बघताना तेच मोजे घालून बघा, आत बोटं हलली पाहिजेत. मोज्यांचा दुसरा जोड फक्त झोपताना. आणि फोमच्या चटईचा दीड फूट बाय एक फूट तुकडा कापून सॅकमध्ये टाका. बिले देताना त्यावर उभं राहायचं. पायाची ऊब खालच्या बर्फात जाणं थांबतं. शेवटी वीस-तीस रुपयांची वस्तू, पण महागड्या मोज्यांच्या बरोबरीने काम करते. फक्त क्रॅम्पॉन काढलेले असतील तेव्हाच, नाहीतर तिचे तुकडे होतील. क्रॅम्पॉन चढवलेले असताना टाचांनी बर्फात सपाट जागा करून घ्या आणि पाय हलवत राहा.

कमरेखाली थर्मल आणि त्यावर नायलॉन-पॉलिएस्टरची ताणली जाणारी ट्रेक पँट, हजार-बाराशेची. जीन्स नाहीच. वाऱ्यासाठी सॅकमध्ये रेन पँट. पँटचा घोळ सैल असेल तर क्रॅम्पॉनचे पुढचे दात दुसऱ्या पायाच्या कापडात अडकतात, माणूस तोंडावर पडतो किंवा पँट फाटते. इथे आपल्या गल्लीतला टेलर उपयोगी. ट्रेक पँट घोट्याशी निमुळती करून घ्या, बूट आत जाईल इतपत. मग बॅगा शिवणाऱ्याकडून दोन्ही पायांच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून वीतभर उंच, बॅगेच्या जाड कापडाची पट्टी मारून घ्या. रेन पँटवर मात्र सुई चालवू नका, प्रत्येक टाक्यातून पाणी येतं. तिच्यावर गेटर (बुटावरून पोटरीपर्यंतचं कव्हर) घाला, आयोजकांकडे बहुधा असतात, विचारून घ्या.

डोक्याला माकडटोपी नको. जाड विण आणि वरचा गोंडा हेल्मेटखाली बसत नाही, हेल्मेट वर उचललं जातं आणि मग ते डोकं वाचवत नाही. पातळ फ्लीसची किंवा पॉलिएस्टरची कानटोपी घ्या. गळ्याला मफलर, ओढणी, स्कार्फ काहीही लोंबतं नको. बिलेच्या उपकरणात अडकलं तर सोडवायला मोकळा हात नसतो. नळीसारखा नेकवॉर्मर घ्या, तोच नाकावर ओढता येतो. वेणी जॅकेटच्या आत. गॉगल शंभर टक्के यूव्ही अडवणारा, बाजूने झाकलेला हवा. बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजतात आणि टूल मारताना बर्फाच्या कपच्या थेट तोंडावर येतात.

हिशोब लावला तर थर्मल दोन हजार, फ्लीस सहाशे, पँट आणि शिलाई चौदाशे, जॅकेट तीन ते साडेतीन हजार, तीन जोड हातमोजे पंधराशे, मोजे सहाशे, टोपी, नेकवॉर्मर आणि गॉगल आठ-नऊशे. दहा हजारांच्या आसपास बसतं. ओढाताण झाली तर फ्लीस आणि पँट जुनी चालवा, पण हातमोज्यांत कपात करू नका.

खरेदी दोन टप्प्यांत करा. थर्मल, हातमोजे, मोजे आणि पँट इथूनच, कारण ती वापरून बघायला वेळ हवा. डिकॅथलॉन नाशकात आहे, एका फेरीत मापं घेऊन या. जॅकेट हिवाळ्यात येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडे स्वस्त मिळतं, किंवा दिल्लीत काश्मिरी गेट बसस्थानकाजवळच्या मॉनेस्ट्री मार्केटमध्ये. जानेवारीत कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे काझ्याला मनालीकडून नाही तर शिमला-किन्नौरवरूनच जावं लागतं, आणि शिमल्याच्या बस त्याच बसस्थानकावरून सुटतात. तरी जॅकेट दिल्लीवर ढकलत असाल तर हातात अर्धा दिवस ठेवा. उत्तर भारतात जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, आणि खरेदी राहिली तर तुम्ही जॅकेटशिवाय किन्नौरच्या बसमध्ये बसलेले असाल. त्या बाजारात ब्रँडचं नाव बघून भाव देऊ नका, तिथली नावं खरी असतातच असं नाही. चेन, शिवण आणि भरण बघा. जॅकेट उजेडासमोर धरलं की भरण कुठे पातळ आहे ते दिसतं.

निघण्याआधी एक तालीम करा. डिसेंबरात धुळ्यात पारा पाच-सहा अंशांवर येतो अशी एखादी पहाट धरा आणि लळिंगचा किल्ला गाठा. सॅकमध्ये सात-आठ किलो वजन, अंगावर फक्त थर्मल आणि फ्लीस. पायथ्याशी थोडं गार वाटलं पाहिजे. तिथेच छान ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे, तो काढा. वर पोचल्याबरोबर, थंडी वाजायची वाट न बघता, मोठं जॅकेट चढवा आणि वाऱ्यात अर्धा तास उभे राहा. पाठीला गार ओल लागली तर चढताना वेग किंवा कपडे जास्त होते. त्याच अर्ध्या तासात चढायचे हातमोजे घालून कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) उघडा, बुटाची नाडी बांधा, चेन लावा. जे मोज्यासकट जमत नाही ते स्पितीत मोजा काढून करावं लागेल. चेनला दोरीचा छोटा तुकडा बांधलात की तीही अडचण जाते. स्पितीची थंडी लळिंगवर मिळणार नाही, पण थर कधी काढायचा आणि कधी घालायचा हे तिथेच अंगवळणी पडतं.

मुक्कामाला परतल्यावर ओले हातमोजे आणि मोजे बुखारीच्या पत्र्यावर किंवा नळीवर टाकू नका, पॉलिएस्टर आणि रबर दोन्ही वितळतात. हातभर अंतरावर दोरीवर टांगा आणि झोपताना जे दमट राहिलं असेल ते स्लीपिंग बॅगेत घ्या. बुटाची आतली काढता येणारी लाइनरही तिथेच. धुळे-जळगाव समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरवर, काझा साधारण ३,७०० मीटरवर. तिथे पहिले दोन दिवस भूक कमी होते, पाणी कमी प्यायलं जातं, आणि रिकाम्या पोटी कितीही थर चढवले तरी अंग तापत नाही. दोघांत मिळून एक लिटरचा थर्मास, खिशात शेंगदाणा-गुळाची चिक्की किंवा खजूर, आणि फाटलेल्या जॅकेटसाठी कापडी चिकटपट्टीची चार-पाच फूट गुंडाळी, एवढं सॅकच्या वरच्या कप्प्यात असू द्या.